उजवीकडेच जाणार आहे तो

बूट इथेच काढून ठेवा. पाउ ग्रांदेत ही पोरं बूट घालून खेळत नाहीत. घड्याळाचीही गरज नाही. इथे सकाळ, दुपार, संध्याकाळ सगळं गिरणीचा भोंगा ठरवतो. शर्टाची वरची दोन बटणं मात्र उघडा, कारण रिओच्या उत्तरेला, डोंगराच्या ऐन पायथ्याशी वसलेल्या या गावात वारा म्हणून हलत नाही. मागच्या रानाचा ओला वास येतोय, नदीकाठच्या चिखलाचा येतोय, आणि या सगळ्यावर बसलेली कापसाची बारीक तूस. नाकात जाईल, शिंका येतील. दोन दिवसांत सवय होते म्हणतात.

साल 1948 च्या आसपासचं धरा. गिरणी अमेरिका फाब्रिल कंपनीची. घरंही कंपनीची, फुटबॉलचा क्लबही गिरणीचाच. लालबाग-परळला ज्यांचं लहानपण गेलं त्यांना इथे फारसं परकं वाटणार नाही: पाळी सुटली की गल्लीभर तीच माणसं, साच्यांचा खडखडाट कानात घेऊन एकमेकांशी ओरडून बोलणारी. फक्त इथली पोरं पाळी सुटल्यावर गलोल आणि पिंजरे घेऊन रानात पळतात. पाखरं धरायची, नदीत डुंबायचं, आणि अंधार पडेपर्यंत फुटबॉल.

मानुएलला शोधायला कताई खात्यात जाऊ नका. तो कामावर आहे, असं हजेरीपुस्तक म्हणतं. कापसाच्या पेटाऱ्यात झोपलेला सापडेल, असं गाव म्हणतं. एकदा मुकादमांनी वैतागून त्याला काढूनही टाकलं होतं, पण क्लबाच्या अध्यक्षांना तो संघात हवा होता, मग परत घेतलं. घरच्यांनी त्याला मानुएल म्हणणं केव्हाच सोडलंय. अंगाने एवढासा, म्हणून बहिणीने एका तपकिरी, चिमुकल्या पाखराचं नाव त्याला चिकटवलं: गारिंचा. ते पाखरू धरून पिंजऱ्यात घातलं तर जगत नाही, असंही इथे सांगतात.

तुम्ही टेकाडावरच्या मैदानात उतरा. तुम्हाला डाव्या बाजूचा बचाव दिलाय. का, ते आत्ता कळेल.

जमीन भाजतेय. तळव्यांना खडे टोचताहेत. आणि समोरून तो येतोय. पहिल्यांदा कीव येते. डावा पाय बाहेरच्या बाजूला वाकलेला, उजवा आतल्या बाजूला. दोन्हींची कमान एकाच दिशेला. त्यातून डावा उजव्यापेक्षा चांगला सहा सेंटिमीटर आखूड. हा पोऱ्या धड उभा कसा राहतो, असा विचार तुमच्या डोक्यात येतो न येतो तोच तो तुमच्यापासून दोन हातांवर येऊन थांबतो. बॉलही थांबतो. धावत्या खेळाडूला अडवायचं कसं ते तुम्हाला ठाऊक आहे. थांबलेल्याला काय अडवणार?

तो कंबरेतून डावीकडे झुकतो. तुम्ही हलत नाही, कारण कडेला बसलेल्या म्हाताऱ्याने तुम्हाला आधीच सांगून ठेवलंय: तो उजवीकडेच जाणार. तो परत झुकतो. बॉल जागचा हललेला नाही. तुमची नजर त्या पायांवर खिळलीय, आणि ते पाय अशा कोनात आहेत की अंगाचा भार नेमका कुठल्या पायावर आहे तेच उमगत नाही. तिसऱ्यांदा तो झुकतो तेव्हा तुमचा डावा गुडघा तुमचं न ऐकता किंचित सरकतो. संपलं. पहिल्या तीन पावलांत तो जो सुटतो, त्या वेगाला उत्तर नाही. उजवीकडूनच गेला. तुम्ही बुडावर आपटलेले आहात आणि सगळं मैदान हसतंय. थोड्या वेळाने तुम्हीही हसता.

आता तो बॉल घेऊन गोलाकडे जाईल असं वाटतं ना? छे. तो परत आलाय, तुमच्यासमोर उभा आहे. तुम्ही उठायची वाट बघतोय.

पाच वर्षं पुढे सरका. 1953. लिओपोल्दिना रेल्वेच्या लाकडी बाकावर बसा, खिडकीतून इंजिनाचा कोळसा डोळ्यांत जाणार नाही एवढं बघा. रिओच्या मोठ्या क्लबांत याने याआधीही खेटे घातले आहेत. वास्कोत गेला तर बूट न्यायला विसरला, फ्लुमिनेंसेत गेला तर शेवटची गाडी चुकेल म्हणून चाचणी अर्धवट टाकून परत आला. अशा गोष्टी सांगतात. खऱ्या असाव्यात, कारण गिरणीगावच्या माणसाला शेवटची गाडी चुकणं परवडत नाही. या खेपेला बोताफोगो. समुद्र जवळ आहे, हवेत खार आहे, आणि डाव्या बाजूला बचावाला उभा आहे निल्टन सांतोस, देशाच्या संघातला खेळाडू. पुढे काय झालं ते तुम्हाला अंगाने माहीत आहे. निल्टन सांतोसच्या दोन पायांमधून बॉल काढला की नुसताच बाजूने नेला यावर वाद आहे. त्या शहाण्या माणसाने मैदानाबाहेर येऊन याला लगेच सही करून घ्या म्हणून सांगितलं, यावर नाही. आयुष्यभर याच्याविरुद्ध खेळण्यापेक्षा याच्याबरोबर खेळलेलं बरं, हा हिशेब त्याने तेवढ्यात केला होता.

स्वीडनला, विश्वचषकाला, फक्त तीन मिनिटांसाठी जाऊ. स्वेटर घाला, गोथेनबर्गची जूनमधली संध्याकाळ आहे. समोर सोविएत संघ, शास्त्रशुद्ध तयारीचा, अंगापिंडाने दणकट. ब्राझीलच्या संघाबरोबर आलेल्या मानसशास्त्रज्ञाने चाचण्या घेतल्या होत्या आणि गारिंचा त्यांत सपशेल नापास झाला होता; असल्या दडपणाचा सामना या गड्याला झेपायचा नाही, असा निर्वाळा. शिट्टी वाजते. त्याला बॉल मिळतो. तो थांबतो, झुकतो, उजवीकडून जातो. तुमच्या शेजारचे सभ्य स्वीडिश गृहस्थ आधी खाकरतात, मग हसतात. तो परत जातो, बॉल खांबावर आदळतो. ठण्ण! सतरा वर्षांच्या पेलेचा फटका आडव्या दांडीवर. वावा गोल मारतो तेव्हा तिसरं मिनिट चालू आहे. फुटबॉलच्या इतिहासातली सर्वांत भारी तीन मिनिटं, असं एका फ्रेंच पत्रकाराने नंतर म्हटलं. चला, निघू. उरलेला सामना तुम्हाला कुठेही वाचायला मिळेल.

या स्वीडनच्या वारीवरून एक विनोद तुमच्या कानावर येईल: त्याने तिथे रेडिओ घेतला आणि हा फक्त स्वीडिशच बोलतो असं सांगून कुणीतरी तो त्याच्याकडून स्वस्तात उकळला. विश्वास ठेवू नका. लोकांना तो भोळासांब हवा असतो, म्हणजे त्याच्यापुढे फजिती झालेल्यांना बरं वाटतं. पायांमध्ये एवढं डोकं असलेला माणूस डोक्याने इतका रिकामा कसा असेल? तो विश्वविजेता होऊन पाउ ग्रांदेत परत आला आणि जुन्या मित्रांबरोबर गुत्त्यात जाऊन बसला. उसाची दारू, कशासा म्हणतात तिला. वास नाकाला झोंबतो, घशाखाली उतरताना आग लागते. त्याला ती लहानपणापासून ठाऊक आहे. मग सगळे मिळून अनवाणी खेळायला गेले. तुम्हीही त्या गुत्त्यात आहात, आणि कुणी तुम्हाला सांगत नाही की ही बाटली पुढे काय करणार आहे. तुम्ही सांगितलंत तरी ऐकणार कोण?

आता खरा प्रवास. डिसेंबर 1962, शनिवार. डिसेंबर म्हणजे रिओत ऐन उन्हाळा. सहा महिन्यांपूर्वी चिलीत पेले जायबंदी झाल्यावर याने जवळजवळ एकट्याने विश्वचषक ओढून आणला. इंग्लंडविरुद्धच्या सामन्यात मैदानात एक कुत्रा घुसला, त्याने गारिंचालाही चकवलं, आणि शेवटी गुडघ्यांवर रांगत जाऊन त्याला पकडणाऱ्या जिमी ग्रीव्ह्‌जच्या अंगावर मुतला. तोच कुत्रा गारिंचा घरी घेऊन आला. असं वर्ष. आणि आता माराकानात रिओच्या स्पर्धेचा शेवटचा सामना आहे, फ्लामेंगो विरुद्ध बोताफोगो. फ्लामेंगोला बरोबरी पुरते.

पैसे आतल्या खिशात ठेवा. उपनगरी गाडीतून उतरलात की चालावं लागत नाही, गर्दी उचलून नेते. घाम, केसांचं तेल, सिगारेट, भाजलेल्या शेंगदाण्यांच्या कागदी पुड्या, सोललेल्या संत्र्यांचा आंबट-गोड वास. फटाक्यांची दारू. कुणीतरी तुमच्या पायावर पाय देतं, तुम्ही मागे बघता तर माफी मागायला तो माणूस उरलेलाच नाही, पुढे वाहून गेलाय.

वरच्या सिमेंटच्या पायऱ्यांवर जायला लांब उतरणी-चढणी आहेत. तिकडे वळू नका. तुमचं तिकीट जेरालचं आहे. जेराल म्हणजे मैदानाच्या कडेने गोल फिरणारा खालचा, उभ्याने बघायचा पट्टा. खुर्ची नाही, छप्पर नाही. समोर खंदक, खंदकापलीकडे हिरवळ. सगळ्यांत स्वस्त तिकीट, म्हणून सगळ्यांत मोठा आवाज इथला. हमाल, गवंडी, पेपर टाकणारी पोरं, एका पायात चप्पल हरवलेला एक जण. वरून संत्र्याची सालं पडतात, कागद पडतात, आणि अधूनमधून जे शिंतोडे येतात ते पावसाचे आहेत असं समजून चालायचं. टोपी घालून यायला सांगायला हवं होतं.

इथून सामना नीट दिसत नाही, हे आधीच सांगतो. तुमची नजर जवळपास गवताच्या पातळीवर आहे. लांबच्या गोलाजवळ काय चाललंय ते शेजाऱ्याच्या कानाला लावलेल्या ट्रान्झिस्टरवरून समजून घ्यायचं. पण जवळचे खेळाडू दिसतात ते पायांपासून वर. म्हणून तर इथे आणलं तुम्हाला. पहिल्या अर्ध्यात बोताफोगोची उजवी बाजू आपल्यासमोर आहे.

दीड लाखाच्या आसपास माणसं आहेत आणि त्यांतली बहुतेक लाल-काळ्या झेंड्यांची, फ्लामेंगोची. तुमच्या चारही बाजूंना तेच आहेत. बोताफोगोचे आहात असं बोलू नका. पलीकडे फ्लामेंगोचा बँड वाजतोय, तुतारीचा आणि ढोलाचा मेळ बसत नाहीये, पण मेळ बसणं ही त्यांची इच्छाच नाही. फटाके फुटतात, धूर खाली उतरतो, डोळे चुरचुरतात. आणि मग बोगद्यातून काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे शर्ट वर येतात.

पाय बघा. तेच पाय. पण आता मांड्या जाड झाल्यात, आणि गुडघा कुरकुरतोय. अलीकडे या गुडघ्यात पाणी होतं, ते सुईने काढतात, औषध टोचतात, शस्त्रक्रिया करा म्हणतात, तो पुढे ढकलतो. सामने लागलेले असतात, दौरे ठरलेले असतात, आणि क्लबाला गल्ला त्याच्या नावावर जमतो. शेजारचा फ्लामेंगोवाला त्या पायांकडे बघून थुंकतो. द्वेषाने नाही, धसक्याने.

त्याला सांभाळायला जोर्दान आहे. सभ्य माणूस. इतर बचावपटू गारिंचाच्या नडग्या फोडतात, जोर्दान कधी लाथ मारत नाही. आज त्याच्या मदतीला जेर्सन नावाच्या तरण्या पोरालाही मागे ओढलंय. दोघे मिळून एकाला. आणि गारिंचाला बॉल मिळतो, तुमच्यापासून अगदी थोड्या अंतरावर, आणि तो थांबतो.

आवाज कमी होत नाही, त्याची जात बदलते. हजारो माणसं एकदम श्वास आत घेतात तेव्हा जो घरघराट होतो तो. तुमच्या तळव्यांना सिमेंट थरथरताना जाणवतं. तो डावीकडे झुकतो. तुम्ही चौदा वर्षांपूर्वी ज्या ठिकाणी होतात तिथे आता जोर्दान आहे, आणि तुमचाही गुडघा सरकतो. अख्ख्या जेरालला माहीत आहे तो कुठे जाणार. ट्रान्झिस्टरमधल्या माणसाला माहीत आहे. जोर्दानला तर इतक्या वर्षांत पाठच झालंय. तो उजवीकडून जातो.

आणि हशा उसळतो. लक्ष द्या, हशा म्हणतोय मी, जयघोष नव्हे. लाल-काळा झेंडा खांद्यावर टाकलेला शेजारचा माणूस हसतोय, मग आपण हसलो हे लक्षात येऊन स्वतःलाच शिवी घालतोय. मेक्सिकोत त्याच्या प्रत्येक हुलकावणीला लोक बैलाच्या झुंजीसारखं 'ओले' ओरडले होते, म्हणे. इथे ओरडतातही आणि हसतातही. मला विचाराल तर या माणसाची सगळी कारकीर्द या हशात आहे. गोल बाकीचेही मारत होते. पेलेने त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त मारले, आणि पेलेकडे बघताना लोक आ वासत. गारिंचाकडे बघताना त्यांना हसू फुटायचं, कारण तोच विनोद त्याच जागी पन्नासाव्यांदा सांगूनही ऐकणारा पुन्हा फसत होता. आठवडाभर मुकादमाची, मालकाची, घरमालकाची बोलणी खाल्लेल्या माणसाला शनिवारी एक वाकड्या पायाचा गिरणीकामगार धडधाकट माणसांना बुडावर बसवताना दिसायचा. मग तिकीट कितीला का असेना.

दहाव्या मिनिटाला तो गोल मारतो. हसू गिळलं जातं. बँड एक सूर चुकतो, नाही, सगळेच सूर चुकतो.

दुसरा गोल तुम्हाला दिसत नाही. तो बॉल घेऊन आत शिरलेला दिसतो, पाय मागे जाताना दिसतो, आणि नेमक्या त्या क्षणी पुढच्या माणसाचा झेंडा तुमच्या तोंडावर येतो. घामाने भिजलेलं, धुराचा वास मारणारं कापड. तुम्ही ते बाजूला करेपर्यंत जाळं हललेलं आहे. फ्लामेंगोच्या वान्देर्लेईला लागून गेला असं ट्रान्झिस्टरवाला म्हणतो. नाही, गारिंचाचाच, असं मागचा म्हणतो. त्याच्या मागचा दोघांनाही गप्प बसायला सांगतो.

मध्यंतर. आता पळा! जेरालचा हा रिवाज आहे: आपला आवडता ज्या गोलावर चालून जाणार तिकडे पळायचं, अर्धी प्रदक्षिणा घालून. हजारो माणसं एकाच वेळी, कोपरं मारत, शेंगदाणे सांडत. सुरुवातीच्या गर्दीत तुम्ही चपला घातल्या असतील तर आता उरलेल्या नसतील. जागा मिळते न मिळते तोच उत्तरार्ध सुरू होतो आणि लगेचच तिसरा गोल. गारिंचाचा. या वेळी वादाला जागा नाही. 3-0. शेजारचा झेंडा गुंडाळतोय, अगदी नीट, चादर घडी करावी तसा, आणि तरीही जात नाही. त्याला अजून एकदा बघायचंय. जोर्दानच्या समोर तो परत थांबलाय.

हा सामना त्याच्या डोंगराचा माथा. त्यानंतर उतारच होता, आणि उतारावर मी तुम्हाला फार रेंगाळत नेणार नाही. गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली, पण ती पहिली तीन पावलं परत आली नाहीत. झुकणं तेच, फक्त बचावपटूंना आता वेळ मिळायला लागला. एल्झा सोआरेस या गायिकेबरोबर संसार थाटला तेव्हा, त्याच्यावर हसलेल्याच लोकांनी दोघांना रस्त्यात शिव्या घातल्या. एल्झाचा आवाज गुत्त्याच्या कशासासारखा, घशात आग लावणारा. तिने त्याला बाटलीपासून सोडवायचा प्रयत्न किती केला ते तिच्या मुलाखतींतून कळतं. 1966 च्या विश्वचषकात बल्गेरियाविरुद्ध त्याने फ्री किकवर गोल केला, पुढच्या सामन्यात हंगेरीकडून ब्राझील हरलं, आणि ब्राझीलच्या शर्टात तो हरलेला हा एकच सामना. तोच त्याचा शेवटचाही. 1973 मध्ये त्याच्या निरोपासाठी माराकाना पुन्हा भरलं, सव्वा लाखाहून जास्त लोक आले, चाळिशीतला माणूस थोडा वेळ खेळला, मैदानाला फेरी मारून आत गेला. जमलेले पैसे त्याच्यासाठी होते. टिकले नाहीत.

शेवटचा मुक्काम जानेवारी 1983. आव्हेनिदा ब्राझीलवर एका बसमध्ये तुम्ही अडकलेले आहात. माराकानातून त्याला पाउ ग्रांदेला नेताहेत, बंबाच्या गाडीवरून, शवपेटीवर बोताफोगोचा झेंडा. पुलांवर माणसं, कठड्यांवर माणसं, थांबलेल्या ट्रकांच्या टपांवर माणसं. बसचा पत्रा तापलाय, आसनाचं रेक्झिन पाठीला चिकटतंय, डिझेलचा धूर खिडकीतून आत येतोय. काही जण उतरून चालायला लागलेत. उरलेले भांडताहेत.

भांडण 1962 च्या दुसऱ्या गोलावरून आहे. पुढच्या बाकावरचा म्हातारा म्हणतो, वान्देर्लेईचा स्वयंगोल, नोंद बघा. मागचा उभा राहून हात नाचवत म्हणतो, नोंद गेली खड्ड्यात, फटका मानेचा होता. माने म्हणजे मानुएल. सगळं शहर त्याला याच नावाने हाक मारायचं. कंडक्टर फ्लामेंगोचा निघतो आणि एक शिवी हासडून स्वयंगोलाच्या बाजूला जातो. मग म्हाताऱ्याला तुमचा चेहरा दिसतो. जेरालमध्ये होतात का हो तुम्ही त्या दिवशी? होतात. सगळी बस तुमच्याकडे वळते. झेंडा तोंडावर आला होता हे कुणी ऐकून घेणार नाही. सांगून टाका काहीतरी. गाडी अजून तासभर हलायची नाही.